पल्ला, वेग आणि पादत्राण

धावण्याच्या शर्यतीचा पल्ला बदलला की पायातला बूटही बदलावा, ही कल्पना पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आता चांगलीच रुजली आहे. निगडी-प्राधिकरणाच्या रुंद रस्त्यांवर, दुर्गादेवी टेकडीच्या चढावर किंवा भोसरीतील इंद्रायणीनगरच्या क्रीडासंकुलात पहिल्या पाळीआधी धावून घेणाऱ्या कामगार-अभियंत्यांत दहा किलोमीटरसाठी कोणता जोड, २१.१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनसाठी कोणता आणि ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी कोणता, हा बोलण्याचा नित्याचा विषय झाला असून बाजारही बुटांची मांडणी बहुधा पल्ल्यानुसारच करतो. या निवडीचा इतिहास तपासला असता मात्र असे दिसते, की पादत्राण ठरवताना पल्ला हा एकटा निकष कधीच नव्हता. पायाखालची वाट, धावणाऱ्याचा वेग, त्याची ऐपत आणि पुढे खेळाच्या नियमपुस्तकातील कलमे यांनी ते ठरत आले, आणि त्यांत वेगाचा वाटा सर्वांत मोठा असूनही त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले गेले.

या पट्ट्याला लांब पल्ल्याची ओळख कारखान्यांच्या फार आधीपासून आहे. देहू आणि आळंदी ही दोन्ही तीर्थक्षेत्रे याच परिसरातली असून, तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळ्याची प्रथा घालून दिल्यापासून आषाढी एकादशीसाठी पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट पायी कापली जात आहे. तुकोबांची पालखी आजही आकुर्डीला मुक्काम करून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुण्यात शिरते. वारकऱ्याच्या पायात साधी चप्पल असते, कित्येकांच्या पायात तीही नसते, आणि तरीही मॅरेथॉनच्या पाच-सहापट अंतर तो पार करतो, कारण दिवसाचा टप्पा आखलेला आणि चाल सावकाश असते. चालताना एक पाऊल सदैव जमिनीवर असते. धावताना दोन्ही पावले क्षणभर हवेत जातात आणि पाऊल टेकते तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार येतो, जो वेगाबरोबर वाढत जातो. पल्ला कितीही लांब असला तरी वेग नसेल तर खास पादत्राणाची निकड भासत नाही, ही गोष्ट वारीच्या वाटेवर शतकानुशतके सिद्ध होत आली आहे.

वेगाची स्पर्धा आणि उघडे पाऊल यांची गाठ या परिसरात पडली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात सुमारे २५ मैलांची एक शर्यत होत असे, आणि तिच्यात धावणारे बहुतेक जण आसपासच्या शेतांवर राबणारे कुणबी तरुण असत. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात या शर्यतींचे वर्णन केले असून, खडी दाबून केलेल्या टणक रस्त्यांवर आणि मातीच्या वाटांवर ही मुले अनवाणी धावत होती, त्यांना आधुनिक प्रशिक्षणाचा गंधही नव्हता, आणि तरीही पहिल्या तीन-चार जणांच्या वेळा ऑलिंपिकमधील वेळांच्या जवळ जाणाऱ्या होत्या, असे त्यात नमूद आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापर्यंतही ही गोष्ट पोहोचली, आणि टाटांनी त्यांतील धावपटूंना स्वखर्चाने परदेशी पाठवण्याचे ठरवले. योग्य आहार आणि इंग्रज प्रशिक्षक मिळाले तर हे तरुण देशाचे नाव काढतील, अशी त्यांची आशा होती.

त्यातूनच १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉनमध्ये उतरले. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होता; फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकले, दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही, तर चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. ज्या देशात मॅरेथॉनचे शास्त्र कोणी शिकवत नव्हते, तेथील धावपटूने पहिल्याच खेपेस जगातील पहिल्या वीस जणांत यावे, ही कामगिरी आजही पुरेशा आदराने सांगितली जात नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. दख्खनच्या रस्त्यांवर अनवाणी पायांनी घडवलेले पोटरीचे आणि तळपायाचे बळ तिच्यामागे होते.

पल्ल्यानुसार वेगवेगळा बूट ही कल्पना युरोपात त्याआधीच आकाराला आली होती, पण ती रस्त्यावर जन्मलेली नव्हती. तिचा उगम धावपट्टीवर झाला. इंग्लंडमधील बोल्टन येथे जे. डब्ल्यू. फॉस्टर यांनी १८९५ च्या सुमारास तळाला खिळे लावलेले हलके चामडी बूट विकायला सुरुवात केली. या बुटांना आज सर्वत्र स्पाइक्स म्हणतात. कोळशाच्या राखेच्या, म्हणजे सिंडरच्या, धावपट्टीत हे खिळे रुतत आणि पाऊल मागे घसरण्यात वाया जाणारा जोर वाचत असे. शंभर मीटर धावणारा जवळजवळ चवड्यावरच धावतो, त्याची टाच जमिनीला टेकत नाही. म्हणून त्याच्या बुटाचा पुढचा तळ ताठ आणि टाच नावापुरतीच असते. पाच किंवा दहा हजार मीटर धावणाऱ्याची टाच मात्र दर पावलाला थोडी तरी टेकते, त्यामुळे त्याच्या स्पाइक्समध्ये तळ अधिक लवचीक ठेवून टाचेखाली गादीचा पातळ थर द्यावा लागतो. पल्ल्यानुसार बूट निवडण्याचा हा पहिला खरा शास्त्रीय आधार होय, आणि तोही अखेर वेगाचाच आहे, कारण चवड्यावर धावायला लावतो तो वेग.

बूट खेळाडूला मदत करतो की त्याच्या जागी स्वतःच खेळतो, हा वादही जुनाच आहे. १९५७ साली सोव्हिएत संघाच्या युरी स्तेपानोव यांनी उंच उडीत २.१६ मीटरचा विश्वविक्रम केला तेव्हा उडी घेणाऱ्या त्यांच्या पायातील बुटाचा तळ विलक्षण जाड असल्याचे लक्षात आले, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने तळाच्या जाडीवर १३ मिलिमीटरची मर्यादा घातली. पुढे १९६८ साली जॉन कार्लोस यांनी २०० मीटरसाठी नोंदवलेली १९.९२ सेकंदांची वेळ विक्रम म्हणून मान्य झाली नाही, कारण त्यांच्या बुटाला नेहमीच्या मोजक्या खिळ्यांऐवजी ब्रशसारख्या असंख्य बारीक सुया होत्या. त्याच वर्षी मेक्सिकोत ऑलिंपिक प्रथमच कृत्रिम धावपट्टीवर झाले. लांब खिळ्यांची गरज संपली. आज अशा पट्टीवर बहुतेक प्रकारांत एका बुटाला जास्तीत जास्त अकरा आणि नऊ मिलिमीटरपर्यंत लांबीचे खिळे चालतात, आणि ते छोट्या चावीने फिरवून काढता-घालता येतात. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर ही कृत्रिम पट्टी आली ती म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने.

दरम्यान सर्वसामान्य मराठी धावपटूच्या पायात यांपैकी काहीच नव्हते. १९३० च्या दशकात बाटा कंपनीने कोलकात्याजवळ बाटानगर वसवल्यानंतर कापडी वरचा भाग आणि रबरी तळ असलेले कॅनव्हासचे बूट देशभर स्वस्तात मिळू लागले, आणि शाळेतल्या पीटीच्या तासापासून लष्करी कवायतीपर्यंत तोच एक बूट चालला. शाळेत तो पांढरा असे आणि आदल्या रात्री खडू उगाळून पांढराशुभ्र करून वाळत घातला जाई. लष्करात तो तपकिरी असे. दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीचे बॉम्बे सॅपर्स आणि देहूरोडची छावणी यांमुळे या पट्ट्यात शिस्तीने धावणारा पहिला मोठा वर्ग जवानांचाच होता. या बुटाचा तळ म्हणजे रबराचा सपाट थर असे. तो पायाला खडीपासून वाचवी, पण हादरा जवळजवळ तसाच गुडघ्यापर्यंत जाऊ देई. शंभर मीटरला तोच, पाच हजारांना तोच आणि क्रॉस-कंट्रीला, म्हणजे माळरान-टेकाडांवरच्या शर्यतीलाही, तोच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाले, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि टेल्को व बजाज यांच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या वस्तीची १९८२ साली महानगरपालिका झाली. या काळात हजारो कुटुंबांच्या घरात पोलादी टोपीचा सेफ्टी शू आला, पण धावण्यासाठी वेगळा बूट असावा ही चैन अजून कोणाच्या खिशाला परवडणारी नव्हती.

अनवाणी धावण्याची परंपराही तितक्यात संपली नव्हती. इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत जिंकली आणि चार वर्षांनी तोक्योत बूट घालून २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत पुन्हा जिंकली. भारतात अनवाणी धावण्यासाठीच ओळखल्या गेलेल्या शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधर येथे नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ पुढे कित्येक दशके राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांचीही सुरुवात अनवाणी धावण्यानेच झाली होती. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. ही उदाहरणे गरिबीच्या गौरवासाठी देण्याचा मोह टाळला पाहिजे. बूट नसणे ही या खेळाडूंची निवड क्वचितच होती.

१९८३ साली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा पाश्चात्त्य देशांत बुटाचा मधला तळ, ज्याला मिडसोल म्हणतात, पार बदलून गेला होता. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे ईव्हीए नावाचा प्लास्टिकचा फेस वापरला जाऊ लागला होता. सूक्ष्म वायुकोशांनी भरलेला हा थर रबरापेक्षा कितीतरी हलका आणि मऊ असे. आयातीवरील निर्बंधांमुळे हे बूट पुण्याच्या दुकानांत सहजी येत नसत. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, त्या दशकाच्या मध्यास रीबॉक, नायकी, आदिदास यांची दुकाने उघडली, आणि २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यावर लांब पल्ल्याची शर्यत हौशी माणसाच्या आवाक्यात आली. २००९ च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेन्झ यांचे कारखाने आले. मोटारधंद्याच्या या दुसऱ्या लाटेबरोबर जो तरुण अभियंता-वर्ग येथे स्थिरावला, त्याच्या हाती प्रथमच बूट निवडण्याइतका पैसा होता.

खरी उलथापालथ झाली ती २०१७ साली. त्या वर्षी ६ मे रोजी इटलीतील मोंझाच्या मोटार-शर्यतीच्या मार्गावर केनियाचे एलियूड किपचोगे यांनी मॅरेथॉनचे अंतर २ तास २५ सेकंदांत कापले, आणि त्यांच्या पायातील बुटाची बाजारी आवृत्ती नायकीने ‘व्हेपरफ्लाय ४ टक्के’ या नावाने विक्रीस आणली. नावातले चार टक्के अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या चाचण्यांतून आले होते. ठरावीक वेगाने धावताना शरीराला लागणारी ऊर्जा, जिच्या काटकसरीला रनिंग इकॉनॉमी म्हणतात, या बुटात सरासरी चार टक्क्यांनी कमी लागत असल्याचे तेथे आढळले. या बुटाचे अंतरंग समजून घेण्यासारखे आहे. उभा छेद घेतला तर टाचेखाली चार सेंटिमीटरपर्यंत जाडीचा फेस दिसतो, आणि त्याच्या मधोमध चमच्यासारखी वळवलेली कार्बन-तंतूंची कडक पट्टी चवड्यापासून टाचेपर्यंत गेलेली असते. हा फेस ईव्हीएचा नसून पेबा नावाच्या बहुवारिकाचा असतो. त्याच चाचण्यांत हा फेस दाबल्यावर साठलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ८७ टक्के परत देताना आढळला, तर तुलनेला घेतलेल्या ईव्हीएच्या शर्यती बुटाने सुमारे ६६ टक्केच परत दिली. चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला हा फरक पटकन उमगतो: गाडीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उसळी जिरवण्यासाठी बनवलेला असतो, तर हा फेस उसळी परत करण्यासाठी. पट्टीचे श्रेय मात्र लोकमानसात जरा जास्तच मोठे झाले आहे. ती बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्याचे वाकणे कमी करते आणि मऊ फेसाला आकार देते हे खरे, पण पुढच्या एका प्रयोगात पट्टी आडवी कापून तिचा ताठपणा मोडल्यावरही काटकसर फारशी घटली नाही. मोठा वाटा फेसाचा आहे, आणि काही हलकेपणाचा, कारण प्रत्येक बुटामागे शंभर ग्रॅम वजन वाढले की ऊर्जेचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो.

यावर नियमांची चौकट बसवणे अटळ होते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने ३१ जानेवारी २०२० रोजी रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची कमाल जाडी ४० मिलिमीटर ठरवली आणि एकाहून अधिक कडक पट्ट्यांना मनाई केली. त्याच वर्षी जुलैत धावपट्टीसाठी ८०० मीटरपेक्षा कमी अंतरांना २० आणि ८०० मीटर व त्यावरील अंतरांना २५ मिलिमीटरची मर्यादा आली, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून धावपट्टीवरील सर्वच अंतरांना २० मिलिमीटरची एकच मर्यादा लागू झाली. म्हणजे दहा किलोमीटर रस्त्यावर धावायचे असतील तर ४० मिलिमीटरचा बूट चालतो, आणि तेच अंतर बालेवाडीच्या पट्टीवर पंचवीस फेऱ्यांत कापायचे असेल तर त्याच्या निम्म्या जाडीचा. पल्ला एकच असताना बूट बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांच्या कारकिर्दीत हे सगळे प्रकार एकत्र पाहायला मिळतात. २०२० च्या नोव्हेंबरात दिल्लीला अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत, २०२२ साली पाच हजार मीटर १३ मिनिटे २५.६५ सेकंदांत आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसला तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण करून त्यांनी तिन्हींत राष्ट्रीय विक्रम केले. पहिली शर्यत रस्त्यावरच्या जाड तळाच्या नियमात बसते, उरलेल्या दोन धावपट्टीच्या. त्यातही स्टीपलचेसची मागणी निराळीच आहे: अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. खड्ड्यावरच्या प्रत्येक उडीत बूट पाण्यात बुडतो, म्हणून त्याचे कापड जाळीदार असावे लागते, पाणी दोन-तीन पावलांत बाहेर फेकले जावे लागते, आणि ओल्या लाकडी अडथळ्यावर पाय ठेवताना खिळ्यांना पकड मिळावी लागते. तेथे उसळत्या, उंच फेसाचा फारसा उपयोग नाही, तोल महत्त्वाचा.

हौशी धावपटूंपुढचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि या पट्ट्यात तोच बहुसंख्यांचा प्रश्न आहे. कोलोरॅडोच्या चाचण्या ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांवर झाल्या होत्या. पुढे अमेरिकेत कमी वेगांवर झालेल्या एका अभ्यासात ताशी १२ किलोमीटर वेगाला सरासरी फायदा सुमारे १.४ टक्के आणि ताशी १० किलोमीटरला ०.९ टक्के एवढाच भरला. यातला दुसरा वेग म्हणजे सव्वाचार तासांची मॅरेथॉन. शिवाय सरासरीआड माणूस लपतो. केनियाच्या अव्वल धावपटूंवरील एका अभ्यासात याच जातीच्या बुटांनी कोणाची काटकसर ११ टक्क्यांहून अधिक सुधारली, तर कोणाची तितकीच बिघडली. कार्बनच्या पट्टीचे बूट वापरणाऱ्यांत पावलाच्या मधल्या भागातील नौकाकृती हाडाला ताणाची इजा झाल्याची काही उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. हे ध्यानात घेता पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याने पंधरा-वीस हजारांचा जोड घेण्यात शहाणपण नाही, आणि पन्नास मिनिटांत दहा किलोमीटर धावणाऱ्याला साधा, हलका, पट्टी नसलेला बूट अधिक लाभतो, हे विक्रेत्यांना रुचले नाही तरी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढायचा असेल, किंवा सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरवाटेची दौड करायची असेल, तर पल्ल्यापेक्षा उतार आणि दगड बोलतात. मऊ फेसाचा उंच तळ उतारावर घोट्याला दगा देतो, आणि तेथे पकड असलेला बसका तळच हवा.

या महागड्या बुटांचे आयुष्यही थोडे असते. इथिओपियाच्या टिगिस्ट असेफा यांनी २४ सप्टेंबर २०२३ रोजी बर्लिनला २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला, तो आदिदासचा १३८ ग्रॅमचा, पाचशे डॉलरचा बूट घालून, आणि तो बूट एका मॅरेथॉनपुरताच बनवलेला असल्याचे कंपनीनेच सांगितले होते. चामडी किंवा कॅनव्हासचा बूट रस्त्याकडेच्या गटई कामगाराकडे टाके घालून, तळ मारून आणखी वर्षभर चालवता येई. दबलेला फेस मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

सेकंदाला ज्यांच्या आयुष्यात खरी किंमत आहे अशी माणसे या पट्ट्यात बुटांच्या दुकानांतून कमी आणि मोकळ्या मैदानांवर अधिक दिसतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते, गोळाफेकही असते, आणि पन्नास गुणांच्या या चाचणीत एकेका गुणावर नोकरी मिळते किंवा हुकते. खेड, मावळ, जुन्नर तालुक्यांतून आलेली मुले-मुली वर्ष-वर्षभर त्यासाठी पहाटे सराव करतात. दिवसा त्यांतले कित्येक जण चाकणच्या कंपन्यांत कंत्राटी कामावर उभे असतात. त्यांचा वेग सव्वाचार तासांच्या मॅरेथॉनपटूच्या दुपटीकडे जाणारा, मैदान बहुधा मातीचे, आणि दोन अगदी भिन्न अंतरांसाठी जोड मात्र एकच. प्रगत बुटांविषयी जे काही सिद्ध झाले आहे ते वेगाने धावणाऱ्यांसाठी सर्वाधिक खरे आहे, आणि बाजाराचे सर्वांत कमी लक्षही याच वेगवान तरुणांकडे आहे. पातळ तळाचा, दोनशे ग्रॅमच्या आतबाहेरचा, टाचेला घट्ट बसणारा आणि मातीत पकड घेणारा साधा बूट हजार-दोन हजारांत मिळाला, तर १६०० आणि १०० मीटर या दोन्ही अंतरांना तो पुरतो. ४० मिलिमीटरचा फेस त्या मैदानाच्या वळणावर उपयोगाचा नाही.